नादाच्या नादी लागलेला फ्रित्झ

एक तरुण संगीतकार आहे, फ्रित्झ त्याचं नाव. त्याच्या कानात कुठून तरी लांबून एक नाद येतो. वाऱ्यानं अदृश्य हातांनी हार्पच्या तारांवरून बोटं फिरवावीत तसा. तो नाद एकदा हाती लागला की आपल्याकडून थोर कलाकृती होईल, नाव होईल, मग परत येऊन ग्रेटेशी लग्न करू, असा त्याचा हिशेब. म्हणून तो ग्रेटेला आणि गावाला मागे टाकून निघतो.

कादंबरीकाराला ही गोष्ट जड नाही. ‘असा सूर त्यानं जन्मात ऐकला नव्हता’ एवढं लिहून तो मोकळा होतो, बाकीचं वाचक आपल्या मनानं भरून काढतो. ऑपेरा लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत. प्रेक्षक तिकिटं काढून बसलेत, रंगमंचाच्या पुढ्यात मोठा वाद्यवृंद सज्ज आहे आणि नायक सारखा त्या नादाबद्दल बोलतोय. म्हणजे तो ऐकवणं आलंच. ऐकवला आणि सुमार निघाला, तर नायक वेडा ठरतो. ऐकवला आणि पहिल्या फटक्यात सगळ्यांना कळला, तर तो शोधायला फ्रित्झला पंधरा वर्षं का लागावीत?

फ्रान्झ श्रेकर या ऑस्ट्रियन संगीतकारानं ही पंचाईत आपणहून ओढवून घेतली. ऑपेराचं नाव ‘डेर फेर्ने क्लांग’, म्हणजे ‘दूरचा नाद’. संगीत त्याचं आणि शब्दही त्याचेच. १८ ऑगस्ट १९१२ रोजी फ्रँकफर्टच्या ऑपेरागृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा श्रेकर ३४ वर्षांचा होता. या एका कलाकृतीनं त्याला जर्मन भाषेच्या ऑपेराजगात पहिल्या रांगेत आणून बसवलं. पुढची दहाएक वर्षं रिचर्ड श्ट्राउस या नामांकित जर्मन संगीतकाराच्या बरोबरीनं त्याचं नाव घेतलं जायचं. आज मात्र नेमानं ऑपेरा ऐकणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांनी श्रेकरचं एक पान ऐकलेलं नसतं.

वाईट याचं वाटतं की त्यानं त्या पंचाइतीवर काढलेली तोड फार हुशार आहे. ती लक्षात आली की हा ऑपेरा आपल्याच नायकापेक्षा किती शहाणा आहे ते कळतं.

वाद्यवृंदाला सगळं ठाऊक असतं

‘मानापमान’ रंगभूमीवर आलं १९११ मध्ये, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हा ऑपेरा. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालतात, प्रसंग रंगात आला की पद येतं, पदाला वन्स मोअर मिळतो आणि मग गाडी पुन्हा संवादावर. गाण्याची जागा ठरलेली, गद्याची जागा ठरलेली. युरोपातही जुन्या ऑपेरांत अशीच काहीशी विभागणी असे. वाग्नर या जर्मन संगीतकारानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मोडून काढली. त्याच्यानंतरच्या जर्मन ऑपेरात बहुतेक वेळा सगळंच गायलं जातं, अगदी ‘दार उघड’सुद्धा, आणि खालचा वाद्यवृंद अंक संपेपर्यंत थांबत नाही.

या अखंड वाजण्याचा एक फायदा आहे. पात्र तोंडानं एक बोलत असतं तेव्हा वाद्यवृंद त्याच्या मनातलं दुसरंच काही सांगू शकतो. पुढे काय वाढून ठेवलंय तेही सुचवू शकतो. म्हणजे पात्रांना जे ठाऊक नाही ते प्रेक्षकांना कानांवाटे आधीच कळलेलं असतं. ‘दूरचा नाद’चा सगळा डोलारा याच फरकावर उभा आहे.

गुणगुणता न येणारी गोष्ट

गाण्याच्या पहिल्या परीक्षांना नादाची तीन लक्षणं पाठ करून घेतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पहिली दोन चटकन कळतात. जात म्हणजे सतारीचा षड्ज आणि बासरीचा षड्ज, सूर तोच असूनही, डोळे मिटून वेगळे ओळखू येतात ते ज्यामुळे, ती गोष्ट.

युरोपातल्या संगीतकारांनी कित्येक शतकं मुख्य भार टाकला तो पहिल्या लक्षणावर. स्वरांची वाक्यं बांधायची, त्यांना लयीत बसवायचं, एकावर एक स्वर रचून स्वरसंगती उभ्या करायच्या. कोणतं वाद्य काय वाजवणार हे महत्त्वाचं होतंच, पण बरेचदा ते शेवटी ठरायचं. १९००च्या आसपास हे गणित बदलू लागलं. पॅरिसमध्ये देब्युसी नादाच्या जातीलाच रचनेचा कणा करत होता. व्हिएन्नात शोनबर्गनं १९११च्या आपल्या स्वरसंगतिशास्त्राच्या ग्रंथात अशी कल्पना मांडली की सूर बदलून जशी धून होते, तशी नुसता नादरंग बदलूनही का होऊ नये.

श्रेकर त्याच व्हिएन्नात होता. आर्नोल्ड रोझे यांच्याकडे व्हायोलिन आणि रोबर्ट फुक्स यांच्याकडे रचना शिकलेला. त्यानं काढलेली तोड अशी: फ्रित्झ ज्याच्या मागे लागलाय ती धून नाहीच. धून असती तर त्यानं ती कागदावर उतरवून घेतली असती आणि ऑपेरा पहिल्या अर्ध्या तासात आटोपला असता. तो नाद म्हणजे एक मिश्रण आहे. हार्पचे झंकार, सेलेस्टा नावाच्या छोट्या पेटीसारख्या वाद्यातले काचेच्या किणकिणाटासारखे स्वर, अनेक गटांत वाटलेली आणि वरच्या पट्टीत दबक्या आवाजात थरथरणारी व्हायोलिनं. एकमेकींशी नातं नसलेल्या दोन स्वरसंगती एकाच वेळी वाजत राहतात, त्यामुळे कान कुठेच टेकत नाही. हे सुरू कधी झालं आणि विरलं कधी ते नेमकं सांगता येत नाही. कोणता स्वर कोणत्या वाद्यातून आला हेही ओळखू येऊ नये अशी त्याची मांडणी आहे. पुढच्या ऑपेरांत तर श्रेकरनं यात एवढं प्रावीण्य मिळवलं की ‘नादाचा जादूगार’ ही त्याची ओळखच होऊन बसली. कौतुकाची आणि कुचेष्टेची, दोन्ही.

या एका युक्तीनं दोन्ही अडचणी सुटतात. नाद प्रेक्षकाला ऐकूही येतो आणि हातातून निसटतही राहतो. घरी जाताना तो गुणगुणून पाहा, जमत नाही. फ्रित्झचं नेमकं काय होत असेल ते मग आपल्यालाही थोडं कळतं.

फ्रित्झ निघून गेल्यावर

पहिल्या अंकात गावातलं एक तंगीतलं घर आहे. ग्रेटेचा बाप ग्राउमान, छोट्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, दारूत बुडालेला. फ्रित्झ निरोप घेऊन गेल्यावर थोड्याच वेळात शेजारच्या खाणावळीतून वरात येते: खाणावळीचा मालक, विगेलियस नावाचा नाना भानगडी करणारा वकील, एक फुटकळ नट, आणि मागून झोकांड्या खात बाप. स्किटल्स या खेळाच्या पैजेत बापानं मुलगीच पणाला लावलेली असते आणि ती मालकानं जिंकलेली असते. सगळं चेष्टेच्या सुरात चाललेलं, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आईसुद्धा म्हणते, घे हो म्हणून, कर्ज तरी फिटेल. ग्रेटे होकाराचं नाटक करते आणि एकटी पडताच खिडकीतून उडी मारून फ्रित्झच्या मागे धावत सुटते.

तो तिला सापडत नाही. रात्र झालेली, जंगल, समोर तळं. ती जीव द्यायला निघते. आणि इथे श्रेकर असं काही करतो की पहिल्यांदा ऐकताना ते लक्षातही येत नाही. चंद्र वर येतो, झाडं, पाणी, रात्र सगळं जागं होतं आणि वाद्यवृंद उमलू लागतो. हार्प आहेत, सेलेस्टा आहे, थरथरणारी व्हायोलिनं आहेत. फ्रित्झच्या तोंडून ज्याचं वर्णन ऐकलं त्याच जातीचा नाद आता या मुलीच्या अवतीभवती उभा राहतो. तिला तो शोधावा लागत नाही. ती नुसती ऐकते आणि मरायचा विचार सोडून देते. मग कुंटीणपणा करणारी एक म्हातारी येते, सुखाची, श्रीमंतीची आमिषं दाखवते आणि तिला घेऊन जाते.

म्हणजे नायक ज्यासाठी घर सोडून गेला ते, तो गेला त्याच रात्री, त्याच गावाबाहेर, त्यानं सोडलेल्या मुलीला ऐकू आलंय. फ्रित्झला हे कळायला आणखी पंधरा वर्षं आहेत. प्रेक्षकांना मात्र कळून चुकलंय, निदान त्यांच्या कानांना तरी.

मुखवट्यांचं घर

दहा वर्षांनी पडदा उघडतो तो व्हेनिसजवळच्या एका बेटावर. ‘ला कासा दि मास्केरे’, मुखवट्यांचं घर. नाचगाण्याचं आणि शरीरविक्रीचं आलिशान ठिकाण, आणि ग्रेटे तिथली राणी. ऑपेराच्या इतिहासात श्रेकरला जी काही जागा मिळाली ती मुख्यतः या दुसऱ्या अंकामुळे, आणि रास्तच आहे ते.

व्हेनिसच्या लग्नघरात किंवा राजवाड्यात नाच चालू आहे असे प्रसंग ऑपेराला नवे नव्हते. पण तिथे शिस्त असते. आधी नाचाचं संगीत, मग नायक-नायिकेचं द्वंद्वगीत, मग सगळ्यांचं समूहगान. श्रेकर ही शिस्त विसकटून टाकतो. पुढ्यातला मुख्य वाद्यवृंद आपलं वाजवतोय. रंगमंचावर हंगेरियन ढंगाचा जिप्सी मेळ आहे, त्यात सिंबालोम (आपल्या संतूरचं भावंड). दुसरीकडून मँडोलिन, गिटार. लांब पाण्यावरून नावेतल्या गाण्याचे आवाज. मधूनच बायकांची हसणी-बोलणी, मद्याची मागणी, कुणाची थट्टा. आणि हे एकामागून एक येत नाही, एकावर एक येतं. वेगळ्या लयी, वेगळे स्वर, वेगळी अंतरं. यातलं मुख्य कुठलं आणि पार्श्वभूमीचं कुठलं, हे संगीतकार ठरवून देत नाही. गर्दीच्या ठिकाणी पाऊल टाकल्यावर कानांवर जसं सगळं एकदम आदळतं, तसं.

पहिल्यांदा ऐकताना हा गोंधळ वाटतो. थोडा वेळ दिला की त्यातली शिवण दिसायला लागते: कुठला मेळ कधी पुढे येतो, कधी हटतो, ग्रेटे बोलू लागली की आजूबाजूचं कसं विरळ होतं. सिनेमात कॅमेरा जे करतो, गर्दीवरून फिरत फिरत एका चेहऱ्यावर येऊन थांबतो, ते १९१२ मध्ये हा माणूस नुसत्या आवाजांनी करतोय. बोलपट यायला तेव्हा अजून पंधरा वर्षं होती.

या गदारोळात ग्रेटे पैज लावते. जो आपल्या गाण्यानं तिचं काळीज हलवेल, त्याची ती. एक काउंट उदास राजाची आणि त्याच्या धगधगत्या मुकुटाची कथा गातो. दुसरा एक उमराव सोरेंतोच्या फुलवालीचं चटकदार, चावट गाणं म्हणतो आणि टाळ्या मिळवतो. गंमत अशी की या अंकात ‘गाणं’ म्हणून ओळखू येतील अशा या दोनच सुट्या गोष्टी, आणि दोन्ही पैजेखातर केलेल्या.

तेवढ्यात फ्रित्झ येतो. दहा वर्षं वणवण करूनही नाद सापडलेला नाही, आपण ग्रेटेला सोडायला नको होतं हे आता उमगलंय, म्हणून तिला शोधत आलोय, असं तो सांगतो. ती हरखून जाते. पैज त्यानं गाण्यावाचूनच जिंकलीय. मग हे घर कसलं आहे आणि ही इथे कोण आहे, हे त्याच्या लक्षात येतं. आणि तो पाठ फिरवतो. ग्रेटे काउंटच्या मिठीत स्वतःला झोकून देते, भोवतीचा धिंगाणा पुन्हा उसळतो.

फ्रित्झबद्दल मला इथे काडीची सहानुभूती वाटत नाही, आणि श्रेकरलाही ती वाटावी अशी अपेक्षा असावी असं दिसत नाही. ज्या परिस्थितीत तिला टाकून तो गेला त्या परिस्थितीचा हा परिणाम. आता तोच नाक वर करून निघून जातो. कलेसाठी सगळं सोडणारा कलावंत हा त्या काळच्या युरोपात पूजेचा विषय होता. श्रेकरनं त्या कलावंताला नायक केलं खरं, पण त्याच्या त्यागाची किंमत दुसऱ्या कुणी मोजली त्याचा चोख हिशेबही मांडून ठेवला. तीन अंकांत ग्रेटे जवळजवळ सतत आपल्यासमोर आहे. फ्रित्झ येतो आणि जातो. नाव ऑपेराला नादाचं असलं तरी गोष्ट तिची आहे.

संहितेत दोष नाहीत असं नाही. पडलेली स्त्री, पापाची पायरी, शेवटी प्रियकराच्या मिठीत उद्धार, हा साचा तेव्हाही जुना होता. काही संवाद इतके अलंकारिक आहेत की जर्मन समीक्षक आजही त्यांची टिंगल करतात. तरीही १९१२ मध्ये देवदेवता आणि पुराणकथा बाजूला ठेवून खाणावळ, कुंटणखाना आणि थिएटरबाहेरचं कॅफे असं वर्तमानातलं जग मोठ्या ऑपेरात आणणं हे धाडस होतं.

पडलेला तिसरा अंक

आणखी पाच वर्षांनी. एका थिएटरशेजारच्या कॅफेच्या बागेत आपण आहोत. थिएटरात ‘हार्प’ नावाच्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग चाललाय, आणि तो फ्रित्झचा आहे. सुरुवातीचे अंक लोकांनी उचलून धरले, शेवटचा अंक सपशेल पडला. लोक बाहेर येतात, खुर्च्या ओढतात, मतं देतात. समूहगानातले गायक, वेटर, पोलीस, सगळ्यांच्या बोलण्याचे तुकडे एकमेकांत अडकतात. पात्रांच्या यादीत ‘एक संशयास्पद इसम’ असंही एक पात्र आहे, तो इथेच भेटतो. श्रेकरला कॅफेतलं बोलणं फार बारकाईनं ऐकू येत असलं पाहिजे.

काउंटनं सोडल्यावर रस्त्यावर आलेली ग्रेटे आता टीनी या नावानं जगते. ती प्रयोग पाहायला गेली होती आणि तिथेच तिला भोवळ आली. तिला कॅफेत आणतात. तो जुना वकील विगेलियस तिथे असतोच, आपण तेव्हा काय केलं याचा पश्चात्ताप त्याला कुरतडतोय. फ्रित्झ आजारी आहे असं कळल्यावर तो ग्रेटेला त्याच्याकडे घेऊन जातो.

दोन दृश्यांच्या मध्ये पडदा बंद असताना वाद्यवृंद एकटाच वाजतो. हा तुकडा ‘नाख्टश्ट्युक’, रात्रीचं संगीत, या नावानं व्हिएन्नात १९०९ मध्येच स्वतंत्र वाजवला गेला होता, ऑपेरा पुरा व्हायच्याही आधी. मग पहाट, पक्ष्यांचे आवाज, फ्रित्झची अभ्यासिका. मित्र सांगतोय की शेवटचा अंक नव्यानं लिही, अजून वेळ गेलेली नाही. फ्रित्झचा उत्साह संपलाय. आणि ग्रेटे दारात येते तसा तो नाद जवळ येऊ लागतो. आता तो आजवर कधी नव्हता इतका स्पष्ट आहे. फ्रित्झला कळतं, तो सापडल्याच्या आनंदात आता नवा शेवट लिहायचा म्हणतो, आणि तिच्या मिठीत मरतो.

शेवट न जमलेला ऑपेरा लिहिणाऱ्या माणसाबद्दलचा हा ऑपेरा श्रेकरच्या हातूनही बरीच वर्षं पुरा होत नव्हता. शतकाच्या सुरुवातीला घेतलेलं काम मध्येच बाजूला पडलं आणि १९१० मध्ये एकदाचं संपलं.

बेर्गचं कठीण काम

ऑपेराची तालीम पियानोवर होते. गायकांनी आपल्या जागा शिकाव्यात म्हणून सगळ्या वाद्यवृंदाचं संगीत दोन हातांत मावेल असं उतरवून घेतात. ‘दूरचा नाद’चं हे काम युनिव्हर्सल एडिशन या व्हिएन्नाच्या प्रकाशन संस्थेनं दिलं आल्बान बेर्ग या शोनबर्गच्या पंचविशीतल्या शिष्याला. कामाची अडचण उघड आहे. ज्या संगीताचा प्राणच नादाच्या जातीत, ते एकाच जातीच्या वाद्यावर बसवायचं. त्यात दुसरा अंक, जिथे तीन-तीन मेळ एकदम वाजतात. बेर्गनं ते केलं, आणि करताना प्रत्येक थर सुटा करून पाहिला.

पुढे १९२५ मध्ये बर्लिनला बेर्गचा ‘वोत्सेक’ आला. विसाव्या शतकातला सर्वांत महत्त्वाचा ऑपेरा म्हणून अनेक जण त्याचंच नाव घेतात. त्यातल्या दारूच्या गुत्त्यात रंगमंचावर वेगळा मेळ वाजतो आणि पुढ्यातल्या वाद्यवृंदाशी त्याची टक्कर होते. ते दृश्य ऐकल्यावर मुखवट्यांच्या घराची आठवण न होणं अवघड आहे.

‘दूरचा नाद’च्या पहिल्या प्रयोगाचा वाद्यवृंद-संचालक लुडविग रोटेनबर्ग. श्रेकरचे यानंतरचे तीन ऑपेराही फ्रँकफर्टनं पहिल्यांदा केले, १९१३ (तो त्याच दिवशी व्हिएन्नातही झाला), १९१८ आणि १९२० मध्ये. रोटेनबर्गच्या मुलीशी पुढे पाउल हिंडेमिट या संगीतकारानं लग्न केलं. जर्मन संगीताचं जग तसं लहानच होतं.

इतका मोठा माणूस गेला कुठे?

१९२० मध्ये श्रेकर बर्लिनच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख झाला. एर्न्स्ट क्रेनेक, बर्टोल्ड गोल्डश्मिट, आलोइस हाबा हे त्याचे विद्यार्थी. १९२५ मध्ये बर्लिनच्या श्टाट्सओपेरमध्ये एरिख क्लायबरच्या संचालनाखाली ‘दूरचा नाद’ झाला तेव्हा फ्रित्झ होता लोकप्रिय गायक रिचर्ड टाउबर आणि ग्रेटे होती श्रेकरची बायको मारिया.

नाझींनी श्रेकरला संपवलं असं थोडक्यात सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. विसाच्या दशकाच्या मध्यापासून तरुणांची आवड बदलली होती. महायुद्ध पाहिलेल्या पिढीला चांदण्यातली हार्प नकोशी झाली, तिला कोरडं, चपळ, जॅझच्या अंगानं जाणारं संगीत हवं होतं. १९२७ मध्ये श्रेकरच्याच विद्यार्थ्यानं, क्रेनेकनं, ‘जॉनी श्पील्ट आउफ’ हा ऑपेरा रंगमंचावर आणला आणि जर्मनीभर गर्दी खेचली. गुरूचे नवे ऑपेरा तोवर थंडपणे स्वीकारले जात होते. टीकाकार तर त्याला आधीपासूनच सर्व बाजूंनी झोडत. १९२१ मध्ये श्रेकरनं त्या टीकेतली वाक्यं गोळा करून स्वतःचं एक खवचट शब्दचित्र छापलं. त्यात तो एकाच दमात इम्प्रेशनिस्टही होता आणि एक्स्प्रेशनिस्टही, ज्यूंनी वर काढलेलाही आणि कॅथलिकांनी वर काढलेलाही. त्याचे वडील जन्मानं ज्यू, आई कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडचे दगड बसायचे.

मग खरंच दगड आले. १९३२ मध्ये दबावाखाली त्यानं विद्यालय सोडलं. त्याच वर्षीच्या त्याच्या शेवटच्या ऑपेराच्या प्रयोगात नाझी समर्थकांनी दंगा केला. १९३३ मध्ये प्रशियन कला अकादमीतलं पदही गेलं. वर्ष संपता संपता पक्षाघाताचा झटका आला आणि २१ मार्च १९३४ रोजी, ५६वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, तो बर्लिनमध्ये वारला. १९३८ मध्ये ड्युसेलडोर्फला ‘अधःपतित संगीत’ नावाचं प्रदर्शन भरवण्यात आलं, त्यातही त्याला वगळलं नाही.

युद्धानंतर तरी त्याचे दिवस फिरायला हवे होते. फिरले नाहीत. नव्या पिढीला वेबर्नसारखं काटेकोर, हाडांपुरतं उरलेलं संगीत खुणावत होतं, तिच्या लेखी श्रेकर म्हणजे जुन्या जमान्याचा अतिगोड पाक. आडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञ-समीक्षकानं १९५९ मध्ये त्याच्यावर व्याख्यान दिलं, त्यातही जिव्हाळा आणि संशय दोन्ही आहेत. १९६४ मध्ये कासेलला हा ऑपेरा पुन्हा उभा राहिला. पण वारं खऱ्या अर्थानं फिरलं ते १९७९ मध्ये, फ्रँकफर्टला मिखाएल गीलेननं श्रेकरचा ‘डी गेत्साइखनेटेन’ हा आणखी एक ऑपेरा केला तेव्हा. त्यानंतर झुरिक, श्ट्रासबुर्ग, स्टॉकहोम असे प्रयोग होत गेले, आणि २०१९ मध्ये फ्रँकफर्टनं पुन्हा ‘दूरचा नाद’ रंगमंचावर आणला. इमारत मात्र ती नव्हे. १९१२ची इमारत १९४४च्या बॉम्बवर्षावात जळाली. १९८१ पासून ती ‘आल्टे ओपेर’ या नावानं उभी आहे, पण तिथे आता मैफली होतात.

ऐकायचं असेल तर

थेट अडीच तासांच्या ऑपेराला हात घालू नका. आधी ‘नाख्टश्ट्युक’ ऐका, ते स्वतंत्र तुकडा म्हणूनही ध्वनिमुद्रित झालंय आणि नादाची जात म्हणजे काय ते त्यात नीट कळतं. आवडलं तर श्रेकरची १९१६ची २३ वाद्यांसाठीची चेंबर सिंफनी. ती वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते आणि त्याच्या साऱ्या युक्त्या त्यात छोट्या जागेत दिसतात. मग ऑपेरा. गेर्ड आल्ब्रेख्टच्या संचालनाखालचं ध्वनिमुद्रण आहे, मिखाएल हालासचंही आहे. दोन्हींत मला पहिलं जास्त जवळचं वाटतं, थर स्वच्छ ऐकू येतात म्हणून. शब्दांचं इंग्रजी भाषांतर शेजारी उघडून ठेवा, पण दुसऱ्या अंकात ते मिटून टाका. तिथे कोण काय बोलतंय यापेक्षा कोण कुठून बोलतंय हे महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी मोबाइलचा स्पीकर चालणार नाही. हेडफोन लागतील.